पस्तीसवाला नापास का झाला?

वाचकांचे प्रश्न : प्रोग्रामिंगची पहिली पायरी

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि ईमेलांत एकाच जातीचे प्रश्न जास्त आहेत. <, >, <=, >= आणि != या तुलनेच्या चिन्हांनी बऱ्याच जणांना छळलेलं दिसतंय. म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच.

आधी एक सूचना. कोडमधले इफ, एल्स, व्हाइल वगैरे शब्द आणि आकडे या पानावर देवनागरीत छापले आहेत. मशीनवर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे. व्हेरिएबलची, म्हणजे किंमत साठवायच्या डब्यांची, नावं मात्र मी मराठीत ठेवली आहेत, आणि ती तशीच टाइप केलीत तरी चालतात. पायथॉन ३ या भाषेला ‘गुण’ किंवा ‘वय’ या नावांचं काही वावडं नाही. विश्वास बसत नसेल त्यांनी करून बघावं.

प्रश्न : मॅडम, मी अकरावीत आहे. पास-नापासचा प्रोग्राम लिहिला. त्यात ‘इफ गुण > ३५’ असेल तर पास, नाहीतर नापास. ८० टाकले तर पास येतं, १२ टाकले तर नापास येतं. सर म्हणाले, चुकलंय, आणि पुढच्या बाकाकडे गेले. काय चुकलं? — एक विद्यार्थिनी, कराड

३५ टाकून बघ. स्क्रीनवर ‘नापास’ येईल. आपल्याकडे दहावीला शंभरात ३५ पडले की काठावर का होईना, पोरगं पास असतं. त्याच्या आईने त्या ३५ साठी कुठेकुठे नवस बोललेला असतो, आणि तुझा प्रोग्राम त्याला घरी बसवतोय.

> चा अर्थ ‘त्याहून मोठा’ एवढाच. ३५ हा आकडा ३५ हून मोठा नाही, म्हणून अट खोटी ठरते आणि गाडी एल्समध्ये जाते. तुला हवंय ते ‘३५ किंवा त्याहून जास्त’. त्यासाठी >= लिहायचं :

इफ गुण >= ३५:
    प्रिंट("पास")
एल्स:
    प्रिंट("नापास")

चिन्ह दुरुस्त झालं. पण माझं खरं भांडण तू टाकलेल्या ८० आणि १२ शी आहे. हे दोन आकडे इतके सोयीचे आहेत की > लिहा नाहीतर >= लिहा, उत्तर तेच येतं. मग तपासलं काय? पॉलिटेक्निकला शिकवत होते तेव्हा प्रॅक्टिकलच्या व्हायवाला पोरं हमखास असलेच आकडे टाकून दाखवायची आणि विजयी चेहऱ्याने बघायची. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढून घ्यायचे आणि ३४, ३५, ३६ टाकायचे. काठाच्या अलीकडचा, काठावरचा, पलीकडचा. मधल्या आकड्याला चेहरे उतरायचे.

काही जण एल्सवर विश्वास ठेवत नाहीत. ते दोन वेगळे इफ लिहितात : ‘गुण > ३५’ असेल तर पास आणि ‘गुण < ३५’ असेल तर नापास. तिथे ३५ वाला ना पास ना नापास. स्क्रीनवर काहीच उमटत नाही आणि पोरं मशीन हँग झालं म्हणून माउस आपटतात. < चा विरुद्ध > नव्हे, >= आहे. > चा विरुद्ध <=. हे एवढं पाठ केलंस तरी चालेल; पाठांतराला मी कमी लेखत नाही.

आता जरा मोठं उदाहरण. आपल्या एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट आहे आणि २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना फुकट प्रवास. (बायकांना मार्च २०२३ पासून वयाची अट न लावताच अर्धं तिकीट मिळतं, म्हणून हिशोबाच्या सोयीसाठी आपण आजोबांचंच तिकीट काढू.) बरोबर ७५ पूर्ण झालेले आजोबा कुठे बसतात बघ. ‘६५ ते ७५’ म्हटलं तर ते त्यातही येतात, आणि ‘७५ पूर्ण’ म्हटलं तर तिकडेही. माणसं बोलताना असा एक आकडा दोन्हीकडे ठेवून मोकळी होतात. कंडक्टर आधार कार्ड बघून मिटवतो. प्रोग्रामला मात्र तुलाच आधी सांगावं लागतं :

इफ वय >= ७५:
    तिकीट = ०
एलिफ वय >= ६५:
    तिकीट = भाडं / २
एल्स:
    तिकीट = भाडं

एलिफ म्हणजे ‘वरची अट खोटी ठरली तरच हे तपास’. वरच्या अटीतच ७५ उचलले गेले, त्यामुळे एलिफपर्यंत पोचतात ते आपोआप ७५ च्या आतलेच. आता या प्रोग्रामला काठ दोन झाले. म्हणजे ६४, ६५, ६६ आणि ७४, ७५, ७६ हे सगळे टाकून बघायचे. कंटाळा आला तरी.

प्रश्न : मतदानासाठी ‘वय > १७’ लिहिलं काय आणि ‘वय >= १८’ लिहिलं काय, उत्तर सारखंच येतं. मग मैत्रिणीचं बरोबर की माझं? — एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

वय पूर्ण आकड्यात असेल तर दोघींचं उत्तर सारखं. १७ आणि १८ च्या मध्ये पूर्णांकच नाही, मग फरक पडायला जागा कुठली?

उद्या वय जन्मतारखेवरून काढायची वेळ आली आणि साडेसतरा आलं, म्हणजे १७.५, की ‘वय > १७’ त्या पोराच्या बोटाला शाई लावून मोकळं होईल. ‘वय >= १८’ लावणार नाही.

आणि अपूर्णांक कधीच येणार नाही अशी हमी असली तरी मी >= १८ च लिहीन. कायद्यात १८ हा आकडा आहे. १७ कुठेच नाही. तुमचा कोड सहा महिन्यांनी दुसरं कुणी वाचेल तेव्हा त्याला १७ दिसला की तो डोकं खाजवत बसेल. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. त्या वेळी कुणी प्रोग्राममध्ये ‘> २०’ लिहिलं असतं तर २१ शोधत बसणाऱ्याला ती ओळ सापडलीच नसती. त्यापेक्षा वर एका ओळीत ‘मतदानाचं_वय = १८’ लिहा आणि खाली ‘वय >= मतदानाचं_वय’. आकडा बदलला तर एकाच जागी बदलतो, चिन्ह जागचं हलत नाही.

प्रश्न : मुलीच्या गणिताच्या पुस्तकात ≤ असं चिन्ह आहे. कीबोर्डवर ते सापडत नाही. ती =< लिहिते आणि प्रोग्राम चालत नाही. मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण ती रडकुंडीला आली आहे. — एक पालक, डोंबिवली

तिला सांगा, बोलताना ज्या क्रमाने येतं त्याच क्रमाने लिही : ‘लहान किंवा समान’, म्हणजे आधी < आणि मग =. <= आणि >=. दोन्हींच्या मध्ये स्पेस नको. =< लिहिलं तर पायथॉन सिंटॅक्स एरर देतो आणि गप्प बसतो, ते परवडलं. => लिहिलं तर जावास्क्रिप्टमध्ये त्याचा भलताच अर्थ आहे; तिथे तो फंक्शन लिहायचा बाण आहे.

चिन्ह कीबोर्डवर का नाही, याचं उत्तर तिला आवडेल. = हे चिन्ह वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये छापलं. < आणि > ही थॉमस हॅरियटच्या पुस्तकात आली, ते पुस्तक १६३१ मध्ये निघालं. हॅरियट तोपर्यंत जाऊन दहा वर्षं झाली होती. खाली रेघ जोडून ‘किंवा समान’ दाखवायची पद्धत पुढच्या शतकातली. गणितवाल्यांनी चिन्हं काढली हातानं लिहिण्यासाठी. कॉम्प्युटर आले तेव्हा मोजक्या कळांत सगळं बसवायचं होतं. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या काळात कार्ड पंच करायच्या यंत्रावर < सुद्धा नव्हतं. म्हणून तिथे दोन टिंबांच्या मध्ये एलटी, जीटी, एलई अशी अक्षरं लिहायचे. पुढे १९६३ मध्ये आस्की हा अक्षरांचा संच ठरला, त्यात <, > आणि = ला जागा मिळाली, ≤ ला नाही. मग दोन चिन्हं शेजारी लिहून भागवलं, ते आजवर चालू आहे.

‘समान नाही’ची तर प्रत्येक घरात वेगळी रीत. पायथॉन, सी, जावामध्ये !=, एक्सेलमध्ये आणि पास्कलमध्ये <>, लुआमध्ये ~=. मुलगी शाळेत एक भाषा आणि क्लासला दुसरी शिकत असेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवू दे. आणि रडू नको म्हणावं.

प्रश्न : आमचा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे, मी फावल्या वेळात पायथॉन शिकतोय. घरच्या वीजबिलाचा प्रोग्राम लिहिला. पहिली अट ‘युनिट <= ५००’, मग ‘<= ३००’, मग ‘<= १००’. ८० युनिट टाकले तरी ५०० च्या स्लॅबचा दर लागतो. दुसऱ्या वेळी ‘>= १०१ अँड <= ३००’ असं लिहिलं तर काही आकड्यांना बिलच येत नाही. — एक वाचक, इचलकरंजी

तुमच्या प्रश्नात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दुसरं जास्त मजेशीर आहे.

पहिलं क्रमाचं. इफ-एलिफची उतरंड वरून खाली वाचली जाते आणि जी पहिली अट खरी निघेल तिथेच थांबते. चाळण्या एकावर एक ठेवल्यासारखं आहे. वरच्याच चाळणीची भोकं फार बारीक असली, तर सगळा माल तिच्यावरच अडकतो आणि खाली काही उतरतच नाही. ८० हा आकडा ‘<= ५००’ मध्ये बसतो. बसला, दर लागला, विषय संपला. खालच्या दोन अटी शोभेच्या. <= वापरताना लहान आकडा वर ठेवायचा, >= वापरताना मोठा. वर एसटीच्या तिकिटात ७५ आधी आणि ६५ नंतर होतं ते यासाठीच. निकालाच्या प्रोग्राममध्ये ‘>= ३५’ वर आणि ‘>= ६०’, ‘>= ७५’ खाली ठेवणारे दर वर्षी भेटायचे. त्यांच्या कॉलेजात फर्स्ट क्लास कुणालाच मिळायचा नाही, डिस्टिंक्शनचं तर नावच नको.

दुसरं दुखणं बिलावर छापलेल्या तक्त्यातून आलंय. तिथे स्लॅब ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे असतात. माणसाला वाचायला ते ठीक. तुम्ही तेच अक्षरशः कोडमध्ये उतरवलंत. आता १००.५ युनिट टाका. १०० पर्यंतच्या अटीत ते बसत नाही, १०१ पासूनच्या अटीतही नाही. मधल्या फटीत पडलं. मीटरवर पूर्ण युनिट वाचतात हे खरं, पण दोन-तीन महिन्यांची सरासरी काढलीत की अपूर्णांक येणारच, आणि तुमच्या त्या ‘काही आकड्यां’त तेच असणार. म्हणून खालची हद्द लिहायचीच नाही. ती वरच्या अटीने आधीच सांभाळलेली असते. दर बदलत राहतात, त्यामुळे मी इथे आकडे घालत नाही, नावं ठेवते :

इफ युनिट < ०:
    प्रिंट("रीडिंग तपासा")
एलिफ युनिट <= १००:
    बिल = युनिट * दर१
एलिफ युनिट <= ३००:
    बिल = १०० * दर१ + (युनिट - १००) * दर२
एलिफ युनिट <= ५००:
    बिल = १०० * दर१ + २०० * दर२ + (युनिट - ३००) * दर३
एल्स:
    बिल = १०० * दर१ + २०० * दर२ + २०० * दर३ + (युनिट - ५००) * दर४

पहिली ओळ मुद्दाम घातली आहे. ती नसेल आणि मागचं रीडिंग पुढच्या जागी टाकलं गेलं, तर उणे युनिटसुद्धा ‘<= १००’ मध्ये गुपचूप बसतील आणि महावितरण तुम्हाला पैसे देणं लागेल.

आता एक गंमत बघा. या कोडमध्ये ‘<= १००’ च्या जागी ‘< १००’ लिहा आणि बरोबर १०० युनिट टाका. बिल बदलत नाही! कारण दुसऱ्या ओळीत १०० वजा १०० शून्य, उरले तेच १०० * दर१. पहिल्या शंभराला पहिला दर, पुढच्यांना पुढचा, अशी चढत्या टप्प्यांची आकारणी असली की काठावर दोन्ही सूत्रं जुळतात आणि = असलं काय, नसलं काय. तिकिटाचं तसं नाही. तिथे ६४ ला पूर्ण भाडं आणि ६५ ला एकदम अर्धं, मधे पायरी आहे. पायरी असेल तिथे = ची किंमत मोजावी लागते. तुमच्या कारखान्यात कापडावर मीटरप्रमाणे सूट देत असाल, ‘५०० मीटरपासून सगळ्या मालावर ५ टक्के’ अशी, तर तो पायरीचा हिशोब झाला. तिथे ४९९, ५००, ५०१ टाकून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला पावती देऊ नका.

प्रश्न : हो किंवा नाही एवढंच उत्तर घ्यायचं आहे, दुसरं काही आलं तर परत विचारायचं. ‘व्हाइल उत्तर != "हो" ऑर उत्तर != "नाही"’ असं लिहिलं. आता ‘हो’ म्हटलं तरी परत विचारतो, ‘नाही’ म्हटलं तरी परत विचारतो. — एक विद्यार्थी, लातूर

आमच्या घरात असे एक नातेवाईक होते. त्यांना काहीही उत्तर दिलं तरी समाधान व्हायचं नाही.

तू ‘हो’ टाइप केलंस असं धर. पहिला भाग : "हो" != "हो", खोटं. दुसरा भाग : "हो" != "नाही", खरं, कारण हो म्हणजे नाही नव्हे. मध्ये ऑर आहे, म्हणजे एक जरी खरं असलं तरी पुरे. अट खरी, म्हणून लूप, म्हणजे व्हाइलचं फिरून फिरून विचारणं, चालू. आता ‘नाही’ टाक. पहिला भाग खरा होतो, दुसरा खोटा. परत तेच. कुठलाही शब्द एकाच वेळी ‘हो’ही आणि ‘नाही’ही असू शकत नाही, त्यामुळे दोनपैकी एक != नेहमीच खरं असणार. ही अट जन्मभर खरी राहील.

तुला म्हणायचंय ते असं : उत्तर ‘हो’ नसेल आणि ‘नाही’ही नसेल तर परत विचार. म्हणजे अँड :

व्हाइल उत्तर != "हो" अँड उत्तर != "नाही":
    उत्तर = इनपुट("हो की नाही? ").स्ट्रिप()

शेवटचं स्ट्रिप शब्दाच्या मागेपुढे चुकून पडलेली स्पेस काढतं. नाहीतर "हो " हे "हो" नसतं आणि पुन्हा बोंब. लूपच्या आधी ‘उत्तर = ""’ ही ओळ लिहायला विसरू नकोस.

!= आणि ऑर शेजारीशेजारी दिसले की मी थांबून परत वाचते. गुणांची हद्द तपासताना मात्र ऑरच बरोबर : ‘गुण < ० ऑर गुण > १००’ असेल तर एंट्री चुकीची. तिथे अँड लिहिलास तर शून्याहून लहान आणि शंभराहून मोठा असा आकडा शोधत बसावं लागेल.

प्रश्न : आमच्या मराठी शाळेची हजेरी मी पायथॉनने लावते. < ने शब्दांची तुलना होते असं कळल्यावर नावं मराठीतच टाकून क्रम लावला. बराचसा बरोबर आला, पण ‘काळे’ हे ‘कावळे’च्या आधी आलं आणि ‘ॲलन’ सगळ्यात शेवटी, ‘हेमंत’च्याही नंतर. प्रोग्राम चुकतोय की मी बाराखडी विसरले? — एक वाचक, न्यू जर्सी

बाराखडी तुम्ही विसरलेला नाहीत. आणि प्रोग्रामही त्याच्या परीने बरोबर आहे.

दोन शब्दांमध्ये < टाकलं की पायथॉन त्यांची अक्षरं डावीकडून एकेक जोडीने घेतो आणि पहिला फरक दिसेल तिथे निकाल देतो. निकाल लागतो तो युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीतल्या, क्रमांकावर. ‘काळे’ आणि ‘कावळे’ : क सारखा, काना सारखा, मग ळ विरुद्ध व. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. युनिकोडमध्ये तो ल च्या लगेच पुढे आहे, व च्या आधी. म्हणून काळे पुढे. आपला ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये सगळ्या मूळ अक्षरांच्या आणि देवनागरी आकड्यांच्याही पलीकडच्या जागी आहे. त्यामुळे ॲलन, ॲना ही मंडळी ह च्याही मागे जाऊन बसतात. क्ष चं आणखी वेगळं : त्याला स्वतःचा क्रमांकच नाही, तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवतात. त्यामुळे ‘क्षीरसागर’ येतं ‘कोल्हे’ नंतर आणि ‘खरे’ च्या आधी. वर्णमालेच्या शेवटी क्ष, ज्ञ म्हणणाऱ्या पोरांना ते खटकेल.

उपाय दोन. हजेरीच्या कामाला भाषेप्रमाणे क्रम लावणारी आयसीयू नावाची लायब्ररी आहे, ती मराठी सांगून वापरा. शिकायचंच असेल तर स्वतःचा क्रम एका ओळीत लिहा, ‘अआइई…एॲऐ…’पासून सुरू करून ‘…लवशषसहळ’पर्यंत, पुढे मात्रा, आणि प्रत्येक अक्षराऐवजी त्या ओळीतली त्याची जागा तुलनेला द्या. वरच्या वर्गातल्या मुलांकडून ही ओळ लिहून घ्या. वर्णमाला ज्यांना नीट येते त्यांचाच प्रोग्राम चालेल.

याच धर्तीचा आणखी एक घोटाळा सांगून ठेवते, कारण तो पुढच्या आठवड्यात होणारच. इनपुटने आलेली प्रत्येक गोष्ट आधी शब्द असते, आकडा नसतो. शब्द म्हणून "१००" < "३५" खरं आहे, कारण १ हा ३ च्या आधी, आणि तिथेच निकाल लागला. शंभर गुणांचा मुलगा पस्तीसवाल्याच्या मागे. शब्दाची तुलना थेट आकड्याशी केलीत तर पायथॉन ३ टाइप एरर देऊन निदान थांबवतो तरी; दोन्ही बाजूला शब्द असले तर तो काही बोलत नाही, चुकीचं उत्तर देतो. म्हणून शब्दाचा पूर्णांक करणारं इंट() लावायचं. आणि इंट() ला देवनागरी आकडे कळतात! मुलांनी इनपुटमध्ये मराठी कीबोर्डवरून ३५ दिलं तरी त्याचा पस्तीस होतो. कोडमध्ये मात्र तसा आकडा लिहिलात तर चालत नाही.

प्रश्न : ०.१ + ०.२ <= ०.३ हे खोटं कसं काय? — एक अभियांत्रिकी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

दशांश चिन्हानंतरचे बहुतेक आकडे मशीनमध्ये नेमके बसत नाहीत. ते १/२, १/४, १/८ अशा अपूर्णांकांनी जवळपास मांडले जातात. ०.१ आणि ०.२ ची ती जवळपासची बेरीज ०.३ च्या जवळपासच्या आकड्याहून किंचित मोठी निघते, म्हणून <= खोटं. पैशाचा हिशोब असेल तर रुपये सोडा आणि पैशांत पूर्णांक ठेवा. मोजमाप असेल तर ‘<= ०.३ + ०.०००००१’ अशी थोडी सूट द्या. आणि अपूर्णांकांच्या मध्ये ==, म्हणजे ‘समान आहे का?’ विचारणारं चिन्ह, बघितलं तर मी मार्क कापायचे.

प्रश्न : पायथॉनमध्ये ‘० <= गुण <= १००’ छान चालतं. तेच सी मध्ये लिहिलं तर २५० गुणही चालतात, कंपायलर काही म्हणत नाही. — एक विद्यार्थी, नांदेड

पायथॉन ही ओळ आपण वहीत वाचतो तशी वाचतो : शून्य किंवा जास्त, आणि शंभर किंवा कमी. सी तसं वाचत नाही. तो आधी ‘० <= गुण’ एवढंच सोडवतो; उत्तर खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. मग तो १ किंवा ० घेऊन ‘<= १००’ विचारतो. १ सुद्धा शंभराच्या आत, ० सुद्धा आत. म्हणजे २५० टाका, उणे ४० टाका, अट खरीच. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, बोलत नाही कारण व्याकरणात काही चूक नाही. वॉर्निंग चालू केल्यास मात्र बहुतेक कंपायलर कुरकुर करतात, तेव्हा त्या बंद करून ठेवू नकोस. सी, जावा वगैरेंमध्ये दोन तुकडे करून मध्ये && (तिथलं अँड) टाक : ‘गुण >= ० && गुण <= १००’. जावा तर तुझी मूळ ओळ कंपाइलच करणार नाही, कारण तिथे खरं-खोटं आणि आकडा यांची तुलना होत नाही. मग उणे १, ०, १ आणि ९९, १००, १०१ टाकून काय येतं ते पुढच्या पत्रात कळव.